नॉक्सच्या कामात नव्याने येताय? आधी ज्योत ओळखा

ज्वलनाच्या कामात नवीन आलेल्यांना सगळ्यात आधी शिकायचं असतं ते एससीआर, म्हणजे कॅटलिस्ट (उत्प्रेरक) आणि अमोनिया वापरून धुरातला नॉक्स काढायची पद्धत. मी त्यांना आधी बर्नरच्या पीपहोलपाशी, म्हणजे ज्योत बघायच्या छोट्या खिडकीपाशी, नेतो. नायट्रोजन ऑक्साइड हा प्रदूषक वायू, आपल्या रोजच्या भाषेत नॉक्स, ज्योतीत तयार होतो. चिमणीत आपण तो फक्त मोजतो.

नैसर्गिक वायू जळताना नॉक्स मुख्यतः हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो. हा थर्मल नॉक्स. साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर तो झपाट्याने वाढतो, म्हणून थोडा फ्लू गॅस (जळून बाहेर पडणारा धूर) परत फिरवून ज्योत थंड केली की चांगला फरक पडतो. कोळशाचं तसं नाही. तिथे इंधनातल्याच नायट्रोजनचा वाटा मोठा असतो आणि नुसती ज्योत थंड करून भागत नाही. सुरुवातीला हवा कमी द्यायची आणि उरलेली ओव्हरफायर एअर म्हणून वरून सोडायची.

मोजमापाकडे मात्र माझा सगळ्यात जास्त आग्रह असतो. समजा, एका बॉयलरवर नॉक्स १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) दिसतंय आणि ऑक्सिजन ९ टक्के आहे. दुसऱ्यावर १३० पीपीएम, ऑक्सिजन ४ टक्के. पहिला चांगला वाटतो ना? दोन्ही आकडे ३ टक्के ऑक्सिजनवर आणा. २१ वजा ३ म्हणजे १८, त्याला २१ वजा मोजलेल्या ऑक्सिजनने भागा आणि वाचनाने गुणा. पहिला १५०वर जातो, दुसरा १३८च्या आसपास राहतो. जास्तीच्या हवेने नॉक्स विरळ होतो, कमी होत नाही. हे गणित हातात बसेपर्यंत कुठलाही अहवाल लिहू नका.

आणि नॉक्सच्या शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हवाच. हवा कमी करताना नॉक्स उतरतो, पण एका टप्प्यावर कार्बन मोनॉक्साइड एकदम उसळतो. हवा थोडी थोडी कमी करा, प्रत्येक वेळी वाचन स्थिर होऊ द्या.

एवढं करूनही मर्यादा गाठता आली नाही, तर गरम धुरात अमोनिया किंवा युरिया सोडायचा. एसएनसीआरला, म्हणजे कॅटलिस्टशिवाय हेच करायच्या पद्धतीला, साधारण ८५० ते ११०० अंश लागतात. त्याहून गरम जागी अमोनियाचाच नॉक्स होतो, थंड जागी तो तसाच निसटतो. एससीआर बहुधा ३०० ते ४०० अंशांवर, कॅटलिस्टच्या मदतीने चालतं. निसटलेला अमोनिया गंधकाच्या इंधनात एअर प्रीहीटर (ज्वलनाची हवा आधी तापवणारं यंत्र) चोंदवतो, हे देखभालवाल्यांना विचारा. ते साचलेला थर दाखवतील.

लोड उतरतो तेव्हा ऑपरेटरच्या शेजारी जरूर थांबा. भट्टीतली योग्य तापमानाची जागा तेव्हा खाली सरकते, आणि युरियाचे कुठले नोझल बंद करायचे, कुठले सुरू करायचे, हे त्यांच्याकडूनच नीट कळतं.