सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) लॅबसाठी जुना राउटर-स्विच घेताय?

आधी पॅकेट ट्रेसरवर (सिस्कोचा नेटवर्क सिम्युलेटर) हात बसू दे, तो फुकट आहे. मग सिस्कोचे दोन २९६० स्विच आणि एक १९४१ राउटर सेकंडहँड बघा, रत्नागिरीहून मुंबईला जाणं झालंच तर लॅमिंग्टन रोडला विचारा. लॅपटॉपला जोडायची कन्सोल केबल सोबत न्या, पैसे द्यायच्या आधी चालू करून शो व्हर्जन ही कमांड मारा, राउटरवर आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टम) १५ असेल तर उत्तम, पासवर्ड असला तरी घाबरू नका, रॉममॉनमध्ये (राउटरचा बूट मोड) कॉन्फिग रजिस्टर ०एक्स२१४२ केलं की पासवर्डासकट जुनं कॉन्फिग लोडच होत नाही (नंतर परत ०एक्स२१०२ करा हां).

पण किनाऱ्यावरचा माल असेल तर टॉर्च मारून पोर्टच्या पिना नीट बघाच, खारी हवा लागून हिरवट झाल्या असतील तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. पावसाळ्यात लॅब जमिनीवर नको, फळीवर ठेवा.