जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला अडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

सकाळी बटन दाबलं की पंखा फिरतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं की लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र सगळं सुरळीत सुरू होतं आणि मग दिवसभर मशीन कुरकुर करत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "चालतंय ना, मग राहू दे" म्हणून सोडून देतात, नाहीतर विंडोज बिघडलं असं धरून फॉरमॅट मारतात. पहिल्याने बिघाड वाढतो. दुसऱ्याने वर्षानुवर्षं जपलेले फोटो, हिशोब आणि कागदपत्रं जातात, आणि बिघाड होता तिथेच राहतो. मला या दुसऱ्या चुकीचं फार वाईट वाटतं, कारण ती थोडं थांबलं तर सहज टळते.

आधी बघा, गाडी कुठे अडते

बटन दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी बदलून देणारा डबा, वीज देतो. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डमध्येच (सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डात) साठवलेला आणि विंडोजच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले तपासतं. त्यानंतर हार्ड डिस्क शोधली जाते आणि सगळ्यात शेवटी विंडोज लोड व्हायला लागतं. मदरबोर्डचा लोगो किंवा बायोसची पहिली अक्षरं दिसण्याआधीच मशीन अडत असेल, तर विंडोजचा त्यात काही संबंध नाही. विंडोज लोड व्हायची पाळीच अजून आलेली नसते. एवढं एक निरीक्षण केलं तरी निम्मी धावपळ वाचते.

आणखी एक चूक म्हणजे एकाच बैठकीत रॅम काढून लावणं, केबल बदलणं आणि बायोस रीसेट करणं. मशीन सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी पुन्हा अडलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका वेळी एकच बदल करा, तो कागदावर लिहा आणि मगच पुढे जा.

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, हा गैरसमज

थंड असताना अडणारं आणि दोन-चार प्रयत्नांनी चालणारं जुनं मशीन दिसलं, की माझा पहिला संशय एसएमपीएसवर जातो. त्यातल्या कपॅसिटरमधलं (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागातलं) द्रावण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. असा कपॅसिटर थंड असताना आणखी कमजोर असतो आणि थोडा गरम झाला की जरा सावरतो. सकाळचे ते तीन-चार प्रयत्न म्हणजे एक प्रकारे त्याला ऊब देणंच असतं.

शिवाय एसएमपीएस सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर मदरबोर्डला 'पॉवर गुड' नावाचा सिग्नल देतो. साधारण ०.१ ते ०.५ सेकंदात तो पोहोचायला हवा. तो आला नाही तर मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लागू देत नाही. पंखे फिरतात, लाइट लागतो, पण पडदा काळाच राहतो तो यामुळेही.

मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरला जोडून एसएमपीएस सुरू करून बघण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. पण तिच्यावरून एवढंच कळतं की तो चालू होतो. मदरबोर्डचा भार पडल्यावर तो टिकतो का, ते कळत नाही. त्यासाठी मशीन चालू असताना मल्टिमीटरने मोजा: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान. मोजमाप या मर्यादेबाहेर असेल तर एसएमपीएस बदला. मोजमाप ठीक दिसलं आणि संशय तरीही राहिला, तर चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खात्रीची परीक्षा.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब साठलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

तोच कपॅसिटर मदरबोर्डवरही असतो आणि तिथे तो नुसत्या डोळ्यांनी तपासता येतो. प्रोसेसरभोवतीचे छोटे दंडगोल बघा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला, फाटलेला किंवा तपकिरी चिकट डाग आलेला दिसला तर दोष तिथेच आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर लावलेले बोर्ड फार मोठ्या संख्येने बाजारात आले होते. तुमचं मशीन त्या काळातलं असेल तर इथे जरा जास्त वेळ द्या.

रॅम घासताना आणि धूळ काढताना

कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा आणि पॉवर बटन काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. रॅमचे सोनेरी पाय काळवंडले असतील तर मऊ खोडरबर पुरतं. सँडपेपर कधीच नको, कारण त्याने मुलामाच निघून जातो. दोन रॅम असतील तर एकेक करून प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. रॅम नीट बसली की कडेच्या क्लिपा आपोआप 'टक्' करून लागतात.

बीपकडे दुर्लक्ष करू नका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. इतर बायोसचे संकेत वेगळे असतात, म्हणून आपल्या बोर्डाचं मॅन्युअल बघा. बीपचा छोटा स्पीकरच नसेल तर तो आधी लावा. एवढ्याशा वस्तूने तासाभराचा अंदाजपंचे कारभार वाचतो.

धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती वेगाने फिरू देऊ नका. सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडणारं मशीन बहुधा तापत असतं. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता कूलरपर्यंत पोहोचवणारी पेस्ट सुकलेली असते, नाहीतर कूलरच्या चारपैकी एखादी पिन बोर्डात पूर्ण बसलेली नसते. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

बॅटरी बदलली आणि निळा पडदा आला

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर सीआर२०३२ हा बटन सेल संपलाय. तो ३ व्होल्टचा असतो. मशीन प्लगला जोडलेलं असताना घड्याळ एसएमपीएसच्या विजेवर चालतं, म्हणून भिंतीवरचा स्विच रोज बंद करणाऱ्यांचा सेल लवकर संपतो.

सेल बदलणं दोन मिनिटांचं काम, पण त्यातली एक चूक महागात पडते. सेल काढला की बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला जातात. हार्ड डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती (मोड) असतात, एएचसीआय आणि आयडीई; मोड एएचसीआय असेल तर तो आयडीई होऊ शकतो, किंवा याच्या उलट. मग विंडोज ७ सारखं जुनं विंडोज लोड होता होता निळा पडदा येतो आणि कोडच्या शेवटी '७बी' दिसतं. घाबरून लोक इथेही फॉरमॅट मारतात. खरं तर बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीसारखा केला की विंडोज जसंच्या तसं सुरू होतं. म्हणून सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हार्ड डिस्क टकटक करत असेल तर हात आवरा

लोगो येतो, पण विंडोज उघडायला अर्धा-अर्धा तास घेतं, मध्येच अडतं आणि आतून लयीत टकटक येते. या वेळी चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालवणं ही मोठी चूक आहे. त्यातली खराब सेक्टर शोधणारी तपासणी डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचायला लावते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण झेपत नाही. रीस्टार्टही पुन्हा पुन्हा करू नका. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, किंवा डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, आणि जे गेलं तर परत मिळणार नाही ते सगळ्यात आधी कॉपी करा. गाणी, सिनेमे नंतर. मग स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. त्यात 'पेंडिंग सेक्टर'चा (वाचताना अडणाऱ्या जागांचा) आकडा वाढत असेल तर ती डिस्क बदलायचीच.

आणि ज्या चुका पाच मिनिटांत सुटतात

जुना पेन ड्राइव्ह मागे अडकून राहिलेला असतो आणि बायोस त्यातच विंडोज शोधत बसतं. साफसफाईनंतर प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची चार पिनांची वायर लावायची राहते. वेगळं डिस्प्ले कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते, आणि पडद्यावर फक्त 'नो सिग्नल' दिसतं.

कधी कधी तर बिघाड नुसता पुढच्या बटनात असतो. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडा. मशीन लगेच सुरू झालं तर बटन झिजलंय. रीसेट बटनाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावा, आणि इथून पुढे त्याच बटनाने कॉम्प्युटर चालू करा.