ऑपरेशन झालेल्या हृदयाचा रक्तप्रवाह एमआरआयवर मोजताना

जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेला पेशंट टेबलावर घेण्याआधी मी ऑपरेशनचे कागद मागून घेते. 'टेट्रालॉजी रिपेअर' (टेट्रालॉजी म्हणजे चार दोष एकत्र असलेला जन्मजात हृदयविकार) एवढ्या दोन शब्दांवर माझं भागत नाही. फुप्फुसाच्या झडपेवर पॅच टाकलाय की कॉन्ड्युट, म्हणजे जोडनळी, बसवलाय, फुप्फुसाकडे जाणाऱ्या फांद्यांमध्ये स्टेंट आहे का, हे कळलं की स्लाइस, म्हणजे इमेजचे छेद, कुठे घ्यायच्या ते ठरतं. छातीच्या हाडातल्या तारांनी सहसा फक्त इमेजवर काळे डाग पडतात. पेसमेकर मात्र एमआरआयला चालणारा आहे, त्याच्या लीड्ससकट (हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा), हे लेखी दिसल्याशिवाय पेशंट आत जात नाही.

प्रवाह मोजतो तो फेज कॉन्ट्रास्टने, म्हणजे रक्ताच्या वेगानुसार सिग्नल बदलणाऱ्या एमआरआय पद्धतीने. इंजेक्शन लागत नाही, ईसीजी मात्र स्वच्छ हवा. स्लाइस वाहिनीला काटकोनात बसवा, आणि काटकोन दोन वेगवेगळ्या दिशांच्या इमेजवर तपासा. एकात सरळ दिसणारी रेघ दुसऱ्यात हमखास तिरकी निघते. मोजायची जागा शक्यतो मॅग्नेटच्या मध्याजवळ आणा, नाहीतर स्थिर ऊतीलाही वेग असल्यासारखा दिसतो आणि ती चूक झडपेच्या गळतीत जाऊन बसते.

मग व्हेंक, म्हणजे किती वेगापर्यंत मोजायचं ती मर्यादा. महाधमनीला मी सेकंदाला १५० ते २०० सेंटिमीटरवर सुरू करते. अरुंद कॉन्ड्युटमध्ये ३५०-४०० सुद्धा लागतो. मर्यादा कमी पडली की लगेच कळतं: वाहिनीच्या मधोमध, जिथे रक्त सगळ्यात जोरात असतं, तिथे पांढऱ्यात एकदम काळा ठिपका उमटतो. व्हेंक वाढवून परत घ्या. भीतीपोटी सगळीकडेच ४०० ठेवणारेही पाहिलेत, पण त्यात हळू वाहणारं रक्त नॉइजमध्ये हरवतं.

आता माझा हट्ट. झडपेची गळती हवी म्हणून फक्त मुख्य फुप्फुसधमनी मोजून पेशंटला उठवू नका. महाधमनी आणि दोन्ही फांद्याही मोजा, कारण ताळा तिथेच मिळतो. समजा मुख्य फुप्फुसधमनीत दर ठोक्याला ९२ मिली पुढे गेलं आणि ३४ मागे आलं. गळती ३४ भागिले ९२, म्हणजे ३७ टक्के. निव्वळ प्रवाह ५८. उजवीकडे निव्वळ ४१ आणि डावीकडे १७ आलं, तर बेरीज ५८, आणि महाधमनीत ५७. कुठे शंट, म्हणजे हृदयाच्या दोन बाजूंचं रक्त मिसळणारी वाट, उरलेला नसेल तर हे आकडे जुळायलाच हवेत. महाधमनीत ४५ आलं असतं तर मी आधी स्लाइस, व्हेंक आणि इमेजवर वाहिनीभोवती आखलेली कड तपासली असती, शंटचा विचार त्यानंतर. आणि याच आकड्यांत दुसरी गोष्टही दडलीय: उजवीकडे ७१ टक्के जातंय. साधारण ५५-४५ अपेक्षित असतं, म्हणजे डावी फांदी नीट बघायला हवी. गळतीच्या एका आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

फॉन्टनचे, म्हणजे ऑपरेशनने महाशिरा थेट फुप्फुसधमनीला जोडलेले, पेशंट वेगळे. तिथे रक्त पंपाविना फुप्फुसात जातं आणि श्वासाबरोबर त्याचा वेग बदलतो, म्हणून श्वास रोखायला सांगू नका; चालू श्वासात जास्त ॲव्हरेज घेऊन मोजा. व्हेंक ६०-८० पुरतो. महाधमनीचा प्रवाह दोन्ही महाशिरांच्या बेरजेपेक्षा बराच जास्त निघाला, तर जादा रक्त कोलॅटरल, म्हणजे आडवाटेने वाढलेल्या, वाहिन्यांतून फुप्फुसात शिरत असण्याची शक्यता आहे. फुप्फुसाच्या शिरा मोजून ते पडताळता येतं.

स्टेंटच्या आत सिग्नलच मिळत नाही, तिथे कड आखत बसू नका. डाव्या फांदीत स्टेंट असेल तर मुख्य धमनीतून उजवी वजा करा, किंवा डाव्या फुप्फुसाच्या शिरा मोजा. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला वजाबाकीचा, ते रिपोर्टमध्ये लिहा. पुढच्या वेळी तुलना करणाऱ्याला त्याच जागी स्लाइस घ्यावी लागते.