पुढून होणाऱ्या मणक्याच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या कशा जपाव्यात

कमरेच्या मणक्यांपर्यंत पोटाच्या बाजूने पोहोचताना सर्वाधिक इजा होते ती डाव्या कॉमन इलियाक शिरेला, म्हणजे डाव्या पायाकडून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेला. तिची भिंत पातळ असते आणि रिट्रॅक्टरखाली (ऊती बाजूला धरून ठेवणाऱ्या उपकरणाखाली) ती चपटी होऊन सहज ओळखू येत नाही. म्हणून महाधमनी व महाशीर नेमक्या कोणत्या पातळीवर दुभंगतात, हे एमआरआयवर आधी पाहूनच मार्ग ठरवावा. एल५-एस१ चकतीपर्यंत (कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांमधील चकती) बहुधा या दुभंगाच्या खालून जाता येते; एल४-एल५ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) मात्र वाहिन्या उजवीकडे सरकवाव्या लागतात, आणि त्याआधी इलिओलंबार शीर (कॉमन इलियाक शिरेला मिळणारी फांदी) शोधून, बांधून कापावी, कारण ती ताणाने मुळाशी तुटल्यास रक्तस्राव आवरणे फार कठीण जाते.

शीर फाटलीच, तर अंदाजाने चिमटे लावू नयेत. बोटाने दाब देऊन भूलतज्ज्ञाला सांगावे, रक्त मागवावे, आणि जागा स्पष्ट दिसल्यावरच टाके घालावेत.

रिट्रॅक्टरच्या दाबाने पायाच्या धमनीत होणारी गुठळी मला अधिक फसवी वाटते, कारण तिथे रक्त दिसतच नाही. डाव्या पायाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावावा. त्यावरची नाडीची लहर मावळली की रिट्रॅक्टर सैल करावा. शस्त्रक्रियेनंतर पाय दुखतो, बधिर वाटतो अशी तक्रार आली, तर मज्जातंतूंना दोष देण्याआधी दोन्ही पावलांच्या नाड्या तपासाव्यात.