वेबसाइटवरच्या फोटोंची हलती जाहिरात

दुकानाच्या वेबसाइटवर पैठण्यांचे पाच-सहा फोटो असतील, तर जाहिरातीसाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. ब्राउझरमध्ये 'ईझीगिफ' ही वेबसाइट उघडा, तिथल्या 'गिफ मेकर'मध्ये फोटो टाका; गिफ म्हणजे फोटो एकामागोमाग दाखवणारं हलतं चित्र. फक्त आपलेच हं, गुगलवरून उचललेले नकोत! आधी सगळे एकाच मापाचे कापून घ्या, नाहीतर चित्र उड्या मारतं. 'डिले' सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे 200 लिहिलं की प्रत्येक फोटो दोन सेकंद थांबतो. किंमत वाचायची असेल तर 300 ठेवा; घाईत कुणी वाचत नाही. गिफच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, 256च रंग मावतात, त्यामुळे पैठणीची जरीची किनार डागाळलेली दिसते. मी तर शेवटी तिथेच गिफचा एमपी४ व्हिडिओ करून घेते. फाइलही बरीच हलकी होते.