कोकणात वारशाच्या संस्थेत काम करायचं असेल तर

कोकणात वारसा जपणारी संस्था म्हटलं की बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ड्रोन, कॅमेरा आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, सूर्यास्त येतो. प्रत्यक्षात पहिले काही महिने हातात येतं ते पावतीपुस्तक. ते आलं तर संस्था चांगली आहे असं समजा. जिथे नव्या माणसाला दप्तराला हातच लावू देत नाहीत, तिथे फार काळ काढू नये, हे माझं मत. मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत हे काम करतो. पुरातत्त्वाची, समाजकार्याची पदवी घेऊन किंवा नुसतीच हौस घेऊन या वाटेला येणाऱ्यांनी काय धरून चालावं, एवढंच इथे सांगतोय.

आधी ‘संस्था’ या एका शब्दाखाली काय काय मोडतं ते बघा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखली. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांतून पाहुण्यांची जेवणाखाणाची, राहण्याची सोय होऊ लागली. रत्नागिरीची निसर्गयात्री कातळशिल्पांमागे, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांमागे, लागली. कुडाळजवळ पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, अजून हाताने रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं असतात.

आणि याखेरीज ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशी शेकडो मुंबई मंडळं आहेत. लालबाग-परळच्या खोलीत बसून चाकरमान्यांनी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेच्या वह्या, नमनाचे (इथल्या लोकनाट्याचे) पोशाख असं सगळं एकाच वहीत चालवलं. माझ्या मते कोकणातला वारसा सर्वांत जास्त कुणी सांभाळला असेल तर या मंडळांनी. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी लाकडी देवळं पाडून सिमेंटची सर्वांत जास्त कुणी केली असतील तर तीही यांनीच. दोन्ही खरं आहे आणि तुम्हाला काम याच मंडळांशी करायचंय.

आता दप्तर. निदान सात जण जमवून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढतात, आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात तिची नोंद होते. तिथल्या उताऱ्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवायचा अर्ज, टाकायचा असतो. टाकत कोण? म्हणून अनेक संस्थांच्या शेड्यूल वनवर अजून मयत मंडळीच कारभार बघत असतात. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण बँकेत सही बदलायची वेळ आली किंवा कंपनीकडून निधी येणार म्हटलं की गाडी तिथेच अडते. कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या यादीत वारसा, पारंपरिक कला, सार्वजनिक ग्रंथालयं स्पष्ट लिहिलेली आहेत. पैसा आहे. तो घ्यायला संस्थेची सीएसआर-१ (कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी लागते, आयकराकडची नोंदणी लागते, आणि हिशोब तपासून झालेले लागतात. देणगीदाराला करात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, हे जत्रेत पावती फाडतानाच सांगावं लागतं. नंतर सांगितलं की भांडण. संस्थेची जमीन-इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या. गावातल्या जुन्या वाचनालयाच्या जागेवर कुणाचा तरी डोळा असतोच.

हे रुक्ष वाटेल. पण वारसा आणि माणसाचं पोट यांची गाठ याच कागदांत बसते. एक उदाहरण सांगतो.

दशावतारात, म्हणजे इथल्या जत्रांतल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणारे एक आजोबा आमच्याकडे आले, मुलाने बळेच आणले होते. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना सरकार महिना ५,००० रुपये मानधन देतं, पन्नाशीच्या पुढच्यांना अर्ज करता येतो, पण कलेत इतकी वर्षं घालवल्याचे पुरावे लागतात. आजोबांचं म्हणणं, “कागद कित्याक व्हये रे झिला? माझो हात आयक.” हात ऐकला. टेबलावरच वाजवून दाखवलं त्यांनी, कपबशा हलल्या. पण अर्जाला हात जोडता येत नाही. दशावतार रात्रभर चालतो, संवाद तिथल्या तिथे सुचतात, लिहिलेली संहिता नसते. मग कागद येणार कुठून? मिळाले ते आमच्याच कपाटात. जत्रोत्सवाच्या जुन्या जाहिराती, गुलाबी-पिवळ्या स्वस्त कागदावर छापलेल्या, खाली ‘ट्रिकसीनयुक्त नाटक’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत साथीदारांची नावं: हार्मोनियम अमुक, मृदंग तमुक. एका विश्वस्तांना ही रद्दी जमवायचा नाद होता आणि बाकीचे त्यांना हसायचे. तारखेप्रमाणे लावल्या, झेरॉक्स काढल्या, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आणि अर्ज गेला. संशोधकाला ज्या कागदातून दशावताराचा इतिहास मिळतो, त्याच कागदातून वादकाला औषधाचे पैसे मिळतात. तेव्हापासून नव्या मुलाला मी आधी जाहिराती लावायला बसवतो.

कागद कोकणात टिकवणं हे वेगळंच प्रकरण. जून ते सप्टेंबर हवा ओली, भिंती ओल्या, वर वाळवी आणि कसर. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, खालचा खण रिकामा सोडा, पावसात कारणाशिवाय गठ्ठे उघडू नका. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बाजारपेठ बुडाली, त्यानंतर तरी महत्त्वाची दप्तरं तळमजल्यावर ठेवू नयेत हे सांगायची गरज पडू नये, पडते. पुस्तकं भिजलीच तर उन्हात पसरू नका, कागद आकसतो आणि पानं चिकटतात. टीपकागद मध्ये घालून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. दोन दिवसांत आवरण्यासारखी नसतील तर पिशव्यांत घालून गोठवून ठेवतात, बुरशी थांबते आणि मग सवडीने सुकवता येतात. आपल्याकडे मासळीवाल्यांचे फ्रीझर आहेत. वास येईल, पण पुस्तक वाचेल.

बाहेरचं काम कुठल्या महिन्यात करायचं हे इथे हवामान आणि सण ठरवतात. कातळशिल्पांचंच घ्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. पावसानंतर सड्यावर गवत असतं तोवर काही दिसत नाही. गवत सुकलं की मऊ झाडूने माती-पाचोळा काढायचा, आणि फोटो सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, कलत्या उन्हात. दुपारी बारा वाजता त्याच रेषा जांभ्यात विरघळल्यासारख्या दिसेनाशा होतात. कुणी खडू, रांगोळी भरून रेषा ठळक करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण फोटोत ठेवा, त्याशिवाय तो फोटो नोंद म्हणून कामाचा नाही.

मग सातबारा काढा. सडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी नावावर असतो आणि त्याला तिथे चिरेखाण काढायची असते किंवा सुरुंग लावून खड्डे पाडून कलमं लावायची असतात. कोकणातली ९ ठिकाणं, त्यांतली ८ महाराष्ट्रातली आणि १ गोव्यातलं, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली गेली, हे त्याला सांगितलंत की तो शांतपणे विचारतो, “मंग आमाला काय गावनार?” प्रश्न रास्त आहे. पार्किंग, चहा, वाटाड्या म्हणून त्याच्या घरातल्या पोराला काम, असं काहीतरी ठोस तुमच्याकडे असलं पाहिजे, आणि नसेल तर खोटं आश्वासन देऊ नका. सड्यावरची बातमी तुमच्या आधी पुढच्या वाडीत पोचते.

देवळाच्या आवारातलं काही टिपायचं असेल, शिमग्याची पालखी, गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं), नमन-खेळे, तर गावऱ्हाटीतून, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रूढ रीतीतून, जा. मानकरी कोण, गुरव कोण, आधी कुणाला विचारायचं याची प्रत्येक गावची पद्धत वेगळी. सरपंचाने हो म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. काही गावं देवाचा कौल घेतल्याशिवाय उत्तर देत नाहीत आणि कौल नाही आला तर कॅमेरा पिशवीतच राहतो. वाद घालू नका. ध्वनिमुद्रण करताना त्याचं पुढे काय करणार, कुठे ठेवणार, कुणाला ऐकवणार हे आधी सांगा आणि प्रत गावाला द्या. कलाकाराला मानधन त्याच दिवशी, सही घेऊन. ‘मोठ्या व्यासपीठावर संधी’ हे मानधन नव्हे. शहरातल्या बऱ्याच चांगल्या म्हणवणाऱ्या संस्था इथे हात आखडतात आणि मग कलाकार फोन उचलत नाहीत म्हणून तक्रार करतात.

शिक्षणाचं विचाराल तर पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, लोककलेसाठी मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी या ओळखीच्या वाटा. पण छोट्या संस्थेला खरी गरज असते ती टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येणाऱ्या, मराठी टंकलेखन शुद्ध करणाऱ्या आणि दुचाकी चालवणाऱ्या माणसाची. हे तिन्ही येत असेल तर पदवी कुठली आहे ते फारसं कुणी विचारत नाही. पगार कमी असतो, आणि बऱ्याचदा प्रकल्पाबरोबर सुरू होऊन प्रकल्पाबरोबर संपतो. घरचं भाडं भरून एकट्यावर संसार चालवायचा असेल तर पहिली दोन-तीन वर्षं जोडीला शिकवण्या, भाषांतर, पर्यटकांना फिरवणं असं काहीतरी धरावं लागतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. त्यामुळे किल्ल्यांभोवती माहितगार वाटाड्यांची मागणी वाढेल असा माझा अंदाज आहे. मालवणी किंवा संगमेश्वरी बोली समजत असेल तर अर्धं काम झालं. बोलता आली नाही तरी चालेल; ओढूनताणून बोललेली मालवणी लगेच ओळखू येते.

यायचं तर नोव्हेंबरात या. जत्रा सुरू झालेल्या असतात, सडे मोकळे होतात आणि विश्वस्त मंडळी ऑडिटच्या धावपळीतून सुटलेली असतात. मुलाखतीत तुम्हीही विचारा: मागचा ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का, शेड्यूल वनवर आज कोणाची नावं आहेत, कलाकारांना मानधन किती दिवसांत देता, आणि टिपलेल्या ध्वनिफिती कुठे ठेवल्यात. शेवटच्या प्रश्नाला ‘एका मुलाच्या लॅपटॉपवर आहेत’ असं उत्तर आलं तर तुमचं पहिलं काम ठरलं. दोन हार्ड डिस्क घ्यायला सांगा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात ठेवा.