कडाक्याच्या थंडीनंतर नव्या शोभेच्या झुडपांची काळजी

निफाड आणि नाशिकच्या पट्ट्यात जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांच्या बराच खाली जातो आणि एखाद्या पहाटे पानांवरचे दवबिंदूही गोठतात. पावसाळ्यात लावलेली जास्वंद, एक्झोरा, क्रोटन ही झुडपे मूळची उष्ण हवेतली असून त्यांची मुळे अजून खोल गेलेली नसल्यामुळे पहिली थंडी त्यांना फार जड जाते. पाने काळवंडतात, शेंडे वाळतात आणि झाड गेले असे समजून लोक ते उपटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्यांतली बरीच झुडपे जिवंत असतात. मुसांड्याची पानगळ तर हिवाळ्यात होतेच, तिला घाबरण्याचे कारण नाही.

जळालेला भाग लगेच छाटू नये. ती वाळकी पाने आणि काड्या खालच्या जिवंत डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या कोंब फुटण्याच्या जागांना, थोडाफार आडोसा देतात, शिवाय छाटणीमुळे फुटलेला कोवळा फुटवा थंडीच्या पुढच्या लाटेत सापडतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास स्थिरावले की शेंड्यापासून खाली येत फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर आणखी खाली खरवडावे. हिरवे जिथे सुरू होते, त्याच्या खालच्या पहिल्या निरोगी डोळ्याच्या किंचित वर धारदार कात्रीने तिरपा काप घ्यावा. कलमी जास्वंदीत जोडाच्या खालून आलेले फुटवे मात्र काढून टाकावेत, कारण ते खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधले त्याचे असतात.

सर्वांत जास्त चूक पाण्यात होते. गार मातीत मुळे पाणी कमी उचलतात, त्यामुळे मरगळलेले रोप पाहून भरपूर पाणी घातले, तर काळ्या भारी जमिनीत मुळे कुजतात. आळ्यातली माती दोन इंच खोल बोटाने तपासावी. वाफसा, म्हणजे चिखल नाही पण हाताला ओल लागते अशी स्थिती, असेल तर थांबावे, कोरडी लागल्यास सकाळी ऊन आल्यावर मुळाशी पाणी द्यावे. फेब्रुवारीअखेर ऊन झपाट्याने वाढते, म्हणून उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच जाड पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. पाने गळून उघड्या पडलेल्या रोपांवर दुपारपुरती हिरवी जाळी बांधावी.

खत नव्या पानांच्या दोन-तीन जोड्या उघडल्यानंतरच द्यावे, तेही ओंजळभर गांडूळखत, युरिया टाळावा. एक्झोराची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसते, अशा वेळी चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी पाकिटावरील प्रमाणात करावी. याच सुमारास जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी दिसणारी कीड, येतो. तो दिसताच शेंडा पाण्याच्या धारेने धुवून संध्याकाळी निंबोळी तेल फवारावे.

एप्रिलच्या मध्यापर्यंत फुटवा न दिसल्यास बुंध्याजवळची साल खरवडावी आणि थोडी माती बाजूला सारून मुळे पाहावीत. ती पांढरी, घट्ट असतील तर रोप जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापून ठेवावे. काळी आणि पिचपिचीत असतील तर ते काढावे, आणि नवे रोप पहिल्या पावसानंतर लावावे.